कोरड्या डांबरावर न कळणारी गोष्ट

उजव्या कानाला आता टॅपेट ऐकू येत नाही. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. जाड आवाज शाबूत, बारीक गेले. घरघर, धडधड कळते. पण बेअरिंग बिघडायला लागतं तेव्हाची शिट्टी, जी ऐकून पुढचा हजारोंचा खर्च वाचतो, ती गेली. त्यामुळे कुणाची गाडी ‘बघायला’ जायचं असलं की हाताखालचं पोरगं सोबत न्यावं लागतं. ते लांब स्क्रूड्रायव्हर हौसिंगला टेकवतं, मूठ कानाशी धरतं आणि काय ऐकलं ते मला सांगतं. त्याच्या सांगण्यावरून मी निदान करतो. गिऱ्हाइकाला वाटतं मी पोराची परीक्षा घेतोय. मी तसं वाटू देतो.

गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला असतो. “मामा, दहा वर्षं ओढील का?” 2020च्या ऑक्टोबरात नवी थार आली आणि पुंडलिकनगरातल्या ज्या पोरांनी उभ्या आयुष्यात म्हैसमाळच्या पुढे चिखल पाहिला नाही, त्यांनाही फोर बाय फोर हवीशी झाली. मग गुरखाचं नवं रूप, 2023 साली जिम्नी, 2024 साली थार रॉक्स. हौसेला आमचं गाव कधी कमी पडलेलं नाही. 2010 साली इथल्या मंडळींनी दीडशेच्या घरात मर्सिडीज एका फटक्यात उचलल्या, त्या वेळी देशभरच्या वर्तमानपत्रांत गाव गाजलं. हौस वाईट नाही. पण मर्सिडीज घेणाऱ्याने मला कधी दहा वर्षांचं विचारलं नाही, फोर बाय फोरवाला विचारतो.

नव्या मॉडेलचं दहा वर्षांचं कुणालाच माहीत नसतं, आणि माहीत होतं तेव्हा ते मॉडेल बंद झालेलं असतं. म्हणून मी इंजिनाचा गोतावळा बघतो. हेच इंजिन दुसऱ्या कुठल्या गाडीत राबतंय? जिम्नीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन अर्टिगात होतं, आणि अर्टिगा टॅक्सी म्हणून किती पळते ते कुणाला सांगायला नको. थारच्या डिझेल एमहॉकची भावंडं स्कॉर्पिओत कधीपासून आहेत. गुरखाचं इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं, फोर्सच्या ट्रॅव्हलरमध्ये वऱ्हाडं वाहून वाहून घासलेलं. टॅक्सीवाला आणि ट्रॅव्हल्सवाला गाडीला दया दाखवत नाही. त्याने तीन-चार लाख किलोमीटर काढले असतील तर नोझल, टर्बो, टायमिंग चेन कुठे दगा देते हे अख्ख्या बाजाराला ठाऊक असतं, आणि सुटा भाग जालना रोडवरच्या दुकानात त्याच दिवशी मिळतो.

इथवर सोपं आहे. मी अडतो पुढे, आणि कित्येक वर्षं तिथेच अडलोय. टॅक्सीला ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या चाकांनाही पोचवणारी पेटी, नसते. ट्रॅव्हल्सलाही नसते. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी गिऱ्हाईक दोन-तीन लाख जास्त मोजतं, नेमकी तीच गोष्ट कुणी राबवून पाहिलेली नसते. इंजिनाला हजार साक्षीदार असतात. ट्रान्सफर केस, पुढचा डिफ्रन्शियल, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट यांना एकही नाही.

आणि हे तपासायचं कुठे? डांबरावर तपासता येत नाही. फोर बाय फोरचा लिव्हर टाकला की पुढची-मागची चाकं एका गतीला बांधली जातात. वळणावर दोन्हींना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, डांबर चाकाला घसरू देत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर नि गिअरांवर चढतो. गाडी जखडते, लिव्हर निघत नाही, आणि विकणारा “मोडली माझी गाडी” म्हणून अंगावर येतो. सरळ रस्त्यावर दोन मिनिटं टाकून काढता येतं, पण त्यातून लिव्हर पडतो एवढंच कळतं. खरं कळायला सुटा मुरूम हवा, चढ हवा, फोर-लोमध्ये वजन पेलताना आतून काय आवाज येतो ते ऐकायला हवं. पूर्वी बीड बायपास ओलांडला की सातारा-देवळाईच्या डोंगरपायथ्याला हवा तेवढा मुरूम होता. आता तिथे प्लॉट पडलेत, कंपाउंडं झालीत. उरलेल्या जागेवर गाडी न्यायची म्हटलं की विकणारा चावी खिशात घालतो.

मग हाताने जमेल तेवढं करतो. गाडीखाली झोपून पुढचा शाफ्ट दोन्ही मुठींत धरायचा आणि इकडून तिकडे पिळायचा; किती मोकळा फिरून मग अडतो ते मनगटाला कळतं. मालक हो म्हणाला तर लेव्हलचा प्लग काढून करंगळी आत घालायची. तेल चहासारखं दुधट झालं असेल तर पाणी शिरलंय, बहुतेक ब्रीदरच्या नळीतून. गाडी ओढ्यात उभी राहिली होती, मालक काहीही म्हणो. खालच्या प्लगला लोहचुंबक असतं. त्यावरची राखाडी भुकटी चिमटीत चोळायची. मलमासारखी लागली तर झीज रोजची. कपचा टोचला तर दात उडालाय. हे सगळं अजून जमतं. हात कानासारखे गेलेले नाहीत.

सगळ्यात जास्त भीती मला ज्या वाक्याची वाटते ते विकणारे अभिमानाने सांगतात: “फोर बाय फोर एकदासुद्धा टाकलेलं नाही, साहेब.” अरे, मग मेलंच असेल! तेल तळाशी बसून राहतं, वरचे रॉड कोरडे पडतात, दमट हवेने गंज धरतो, फोर्क जागचा हलत नाही. जुन्या जीपच्या आणि जिप्सीच्या फ्री-व्हील हबमध्ये ग्रीस वाळून खडा झालेलं मी ब्लेडने खरवडलंय. नव्या गाड्यांत बटणावर चालणारी मोटर असेल तर ती जास्तच लवकर रुसते. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की अधूनमधून टाकून थोडं चालवत जा. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडलेलं असतं.

उलट, काळ्या मातीत खरोखर राबलेली गाडी वरून भिकार दिसते. रबरी बुटांत वाळलेला चिखल, यूजे क्रॉसला गंज, खालून ठोकर. तिचे दोष दिसतात तरी. अंडरबॉडीला ताजा काळा रंग मारून शोरूममध्ये उभी केलेली दिसली की मी माघारी फिरतो.

आता स्कॅनर घेऊन फिरणारी नवी मंडळी आलीत. गाडीला वायर जोडतात, छापील कागद देतात, टेस्ट ओके. स्कॅनरशी माझं वैर नाही. 2020च्या एप्रिलनंतरच्या डिझेलला तो हवाच. पुंडलिकनगर ते क्रांती चौक एवढंच चालणाऱ्या डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नीट तापत नाही, काजळी जाळायला जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते. वाढलेली! लोक खूश होतात, गाडी तेल खात नाही म्हणून. काजळी किती साठली ते स्कॅनर सांगतो. फोर्क गंजलाय हे सांगायला तिथे सेन्सर नसतो. आणि यूट्यूबवर दोन दिवस गाडी उडवून ‘भरवशाची’ म्हणणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

मी कुठली गाडी घ्या म्हणतो? खरं सांगायचं तर जी मला खोलता येते ती. एमएम 540 मला सगळ्यांत भरवशाची वाटायची. प्युजोचं डिझेल, चारही बाजूंना पाटे, आणि डोळे बांधून उतरवता येईल असा गिअरबॉक्स. ती भरवशाची होतीच, पण माझ्या मतात एक भाग असा होता की तिच्यासमोर मी राजा होतो. गिऱ्हाईक उकिडवं बसून माझ्या तोंडाकडे बघायचं. मी हात पुसत राहायचो, लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

गेल्या महिन्यात फुलंब्रीकडचा एक मास्तर आला. शेत डोंगराला, पावसाळ्यात वाट बंद, म्हणजे याला खरोखर गरज. चार-पाच वर्षांची एक फोर बाय फोर दाखवली. मालकाला मुरुमावर न्यायला राजी केलं ते मास्तरनेच. मी शेजारी बसलो, पोरगं मागे, फोर-लो टाकून चढ घेतला. मला काहीच ऐकू आलं नाही. पोरगं म्हणालं, “उस्ताद, लिव्हरखालून कुरकुर येतीय, गाडी वळली की थांबती.” वळल्यावर थांबते म्हटल्यावर मला कोडं पडलं, बेअरिंग असतं तर वळणावर वाढली असती. मी प्लग काढायला लावला. भुकटी मऊ. शाफ्ट पिळला, मोकळेपणा नावाला. अखेर पोरानेच लिव्हरचा रबरी बूट उचकटला. खाली सैल झालेला क्लिप होता.

मास्तरने गाडी घेतली. परवा सर्व्हिसचं विचारायला फोन आला. मला नाही, पोराला.