उतरवणे सोपे, चढवणे अवघड

वाकोल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मुलाच्या हट्टापायी समुद्री माशांची टाकी आली. क्लाउनफिशवर पांढरे ठिपके दिसले, तसा तो वेगळ्या टाकीत हलवला. दोन दिवसांत खारेपणा लिटरमागे 35 ग्रॅमवरून 12 वर उतरवला. अशा पाण्यात परजीवी फुटतात, मासा तगतो. ठिपके गेले. खुशीत आम्ही एकाच रात्री खारेपणा पूर्ववत केला. सकाळी मासा मेलेला. खाऱ्या पाण्याने अंगातले पाणी ओढून घेतले होते. मुलगा दिवसभर जेवला नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही रिफ्रॅक्टोमीटरने रोज मोजले, अमोनिया आणि पीएचही तपासला. ठिपके गेल्यावरही चार आठवडे थांबलो, मग आठवडाभर थोडे थोडे मीठ वाढवले. हा मासा जगला. जीव म्हणजे अमानत. बरा दिसला म्हणून घाई करायची नसते.