वजाबाकी

वेतन मंडळ. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यातलं. संपादकाला कमी करायचं तर ६ महिन्यांची नोटीस, बाकीच्यांना ३ महिन्यांची, हेही त्याच कायद्यात होतं. शेवटचं मंडळ न्या. मजिठियांचं. शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि त्यांच्यासाठी पत्रकार वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. २०२० च्या कामगार संहितांनी तो कायदाच पोटात घेतला. मंडळ त्यात नाही.

रेल्वेची ५० टक्के सवलत. करोनात थांबली. सरकारी अधिस्वीकृती असलेल्या पत्रकारांचीच होती म्हणा.

नेमणूकपत्र. वेतन मंडळाच्या आधीच गेलं. आता कंत्राट, तेही शहरात. तालुक्याच्या वार्ताहराला ओळखपत्र मिळतं, गाडीवर ‘प्रेस’ लिहिता येतं आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा कराव्या लागतात. कित्येकदा ज्यांच्याविरुद्ध बातमी द्यायची, त्यांच्याकडूनच.

नेमणूकपत्र नसणं किती महागात पडतं, ते महाराष्ट्राचा पत्रकार संरक्षण कायदा वाचला की कळतं. विधिमंडळाने तो एप्रिल २०१७ मध्ये मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती यायला २०१९ उजाडलं. हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कागदावर चोख. पण या कायद्यातला पत्रकार कोण? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटी नोकरीत आहे, तो. शेती किंवा झेरॉक्सचं दुकान सांभाळून बातम्या पाठवणारा यात बसवायचा कसा? मार खाल्ल्यावर आधी त्यानेच सिद्ध करायचं, की मी पत्रकार. तक्रार खोटी ठरली तर कारवाई त्याच्यावरच. मालक ‘आमचा माणूस नाही’ म्हणाला, की झालं.

बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीवर लिहिणाऱ्या पत्रकार शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात गाडीखाली चिरडलं, तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता.

माहिती अधिकाराच्या कलम ८ मधलं एक परंतुक. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती साध्या माणसालाही नाकारायची नाही, एवढंच ते सांगत होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते काढलं. वैयक्तिक माहिती वापरण्याच्या नियमांतून बातमीदारीला सूटही या कायद्यात नाही. याच कायद्यासाठीच्या श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात ती होती. माहिती अधिकारात व्यापक सार्वजनिक हिताचं पोटकलम शिल्लक आहे, पण ते हित अर्जदाराने पटवून द्यायचं, आणि ठरवणार माहिती नाकारणारा अधिकारीच.

सूत्राचं नाव. ते उघड करायची सक्ती प्रेस कौन्सिलच्या कामकाजात पत्रकारावर करता येत नाही. १९७८ च्या कायद्याने एवढं दिलं. पण प्रेस कौन्सिलपुढे नाव सांगायची वेळ येते कुणावर? वेळ येते ती पोलिसांपुढे आणि कोर्टात. तिथेही आडोसा असावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९८३ मध्ये आपल्या ९३ व्या अहवालात केली होती. २०२३ मध्ये साक्षीपुराव्याचा कायदा नव्याने लिहिला गेला. त्यात हे कलम घातलं नाही. दरम्यान वही गेली, नावं फोनमध्ये आली, आणि फोन जप्त होतो.