लाल शाईचे मास्तर

1985च्या पावसाळ्यात पोस्टमननं सुतळीनं बांधलेला गठ्ठा ओट्यावर टेकवला आणि आईला वाटलं, मी न सांगता काहीतरी महागाचं मागवलं. आत सीए इन्स्टिट्यूटची पुस्तकं होती. कडा ओल्या झाल्या होत्या, पण अक्षरं शाबूत. क्लास लावायचा तर पुण्यात खोली घेऊन राहायला हवं होतं आणि तो खर्च घरच्या ताळेबंदात बसत नव्हता. मग कऱ्हाडातच एका सीएकडे आर्टिकलशिप धरली. दिवसभर व्हाउचरांवर टिका मारायच्या, रात्री पुस्तकाशी झुंजायचं.

अडलं की अडलंच. भागीदारी संस्थेच्या विसर्जनात ‘गार्नर विरुद्ध मरे’ हा 1904चा इंग्लंडमधला निवाडा येतो. दिवाळं निघालेल्या भागीदाराची तूट बाकीच्यांनी भांडवलाच्या प्रमाणात सोसायची, नफ्यातोट्याच्या नाही. का, ते मला तीन आठवडे कळेना. शेवटी गुळाच्या अडतीवरच्या दिवाणजींना विचारलं. कीर्द-खतावणीत आयुष्य गेलेला माणूस. चष्मा कपाळावर चढवत ते म्हणाले, “अरे, बुडाल्याचं ओझं ज्याच्या पेटीत पैसा त्याच्याच डोक्यावर. दुसरं कोण उचलणार?” न्यायमूर्तींची कारणमीमांसा काही वेगळी असेल, पण मला ते गणित पुन्हा कधी अडलं नाही.

माझे खरे मास्तर मात्र मी कधी पाहिले नाहीत. पोस्टाच्या शिकवणीत उत्तरं फुलस्केपवर लिहून पाठवायची. महिना-दीड महिन्यानं ती तपासून परत यायची. तोवर मी तो धडा विसरलेलो असायचो. समासात बारीक, तिरकी लाल अक्षरं: ‘वर्किंग नोट्स कुठे आहेत?’ दर खेपेला तेच. त्या अक्षरावरून मी ठरवून टाकलं होतं की गृहस्थ निवृत्त असणार आणि त्यांना पित्ताचा त्रास असणार. त्यांच्या भीतीनं मी सही करतानासुद्धा बाजूला हिशेब मांडायला लागलो.

अर्थसंकल्प तेव्हा फेब्रुवारीअखेर संध्याकाळी पाचला मांडला जाई. प्राप्तिकराच्या पुस्तकात दुरुस्त्यांची कात्रणं चिकटवून चिकटवून ते पुरणपोळीसारखं फुगायचं.

परीक्षेच्या पहिल्या खेपेला प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर होतो, पण एकूण पन्नास टक्क्यांना तीन गुण कमी पडले. ग्रुप उडाला. हा चाळीस-पन्नासाचा नियम अजून तसाच आहे. बाकी बरंच बदललंय. इंटरची मे-नोव्हेंबरची वाट संपली, आता ती परीक्षा वर्षातून तीनदा. आर्टिकलशिप तीनाची दोन वर्षांवर आली. इंटरला तीस टक्के गुण पर्यायी प्रश्नांचे. माझी पुतणी घरी बसून, लॅपटॉपवर दीडपट वेगानं मास्तर पळवत शिकते. गार्नर-मरे तिनं मला पोहे खाता खाता समजावून सांगितला, दिवाणजींपेक्षा शास्त्रशुद्ध.

“काका, तुमच्या वेळी खरी मेहनत होती,” असं कुणी म्हटलं की मी गप्प बसतो. माझ्याबरोबर एकाच कंदिलाखाली बसणाऱ्या मित्रानं चौथ्या अटेम्प्टनंतर पुस्तकं रद्दीत दिली आणि वडिलांच्या दुकानात बसला. त्याची बुद्धी माझ्यापेक्षा तल्लख होती. त्याला दिवाणजी भेटले नाहीत, एवढंच. अशा आठवणी पास झालेलेच लिहितात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

परवा पुतणी मोबाइल नाचवत आली. सराव-परीक्षेचा पेपर तिनं हातानं लिहून, स्कॅन करून पाठवला होता, तो तपासून परत आला होता. पडद्यावर लाल रेघोट्या आणि समासात एक ओळ: वर्किंग नोट्स दाखवा.

“नऊ दिवस लावले, काका! पेपर तपासायला कुणी नऊ दिवस लावतं का?”

मी चष्मा लावून अक्षर बघायला घेतलं. पण ते टाइप केलेलं होतं.