पार्किंगमधली सावर

रविवारी सकाळी साताऱ्यातल्या आमच्या गॅलरीत बसून अजिंक्यताऱ्याकडे बघत निवांत चहा घेणं, हा माझा आठवड्यातला एकमेव चैनीचा आयटम. पण यंदा फेब्रुवारीत समोरच्या काटेसावरीनं सगळा शोच हायजॅक केला. अंगावर एक पान नाही, नुसती लालभडक फुलं! त्यावर साळुंक्या, बुलबुल, कावळे... अक्षरशः ब्रेकफास्ट बुफे. एक दिवस तर गुलाबी-काळ्या पक्ष्यांचा अख्खा थवाच उतरला. लगेच सांगलीला बाबांना फोन.

"अरे, पळसमैना त्या. मध्य आशियाकडून येतात, उन्हाळा तापला की परत. लहानपणी हरिपूरला नदीकाठी दाखवल्या होत्या की रे, विसरलास?"

विसरलो होतो. आणि एक गोष्ट बाबांना सांगितलीच नाही. हीच सावर तोडायच्या अर्जावर दिवाळीत मी सही ठोकली होती. कारण? उन्हाळ्यात तिचा कापूस घरभर उडतो आणि दोन गाड्यांची जागा अडते. त्यातली एक माझी.

१९७५च्या कायद्यानुसार शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते. ती अजून आली नव्हती, हे नशीब! सोमवारी हाफ डे टाकून सेक्रेटरी काकांना गाठलं.

"काका, माझी सही खोडा."

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग गाडी कुठं लावणार?"

सध्या कोपऱ्यावर लावतो. तिथून चालत येताना तांबटाचं टुक-टुक ऐकू येतं. तुमच्या पार्किंगमध्ये कुठलं झाड आहे, बघितलंय कधी?