नागाची जागा

“केस सुटे सोडून बोहल्यावर चढणार?”

हा प्रश्न मी कितीतरी घरांत ऐकलाय. विचारणारी आजी असते, नाहीतर मोठी आत्या. उत्तर मी द्यावं म्हणून नवरी आरशातून माझ्याकडे बघते. मग मी कंगवा खाली ठेवते आणि आजींना जवळ बोलावते. “सुटे कुठं, आजी? वर वेणी आहे की. हात लावून बघा.” आजी बोटं फिरवतात. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नीट बसलेले पेड बोटांना लागले की त्यांचा चेहरा निवळतो.

सांगलीत गेली २८ वर्षं मी केशभूषेचं काम करते आहे. आजींच्या या प्रश्नाला मी कधी हसले नाही. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायचे नाहीत, हे मीही आईकडून ऐकत मोठी झाले. मोकळे केस म्हटलं की आपल्याकडे द्रौपदी आठवते, घरातलं सुतक आठवतं. आणि नवरीचंही खरंच असतं. तिनं वर्षभर राखलेले, कमरेपर्यंत आलेले केस तिला अंबाड्यात गुंडाळून टाकायचे नसतात. वरचे केस वेणीत आणि खालचे पाठीवर, ही रचना म्हणजे त्या दोघींनी एका खोलीत बसून केलेली तडजोड आहे. म्हणून मला ती आवडते, आणि म्हणूनच ती बिघडली की मला रात्री झोप लागत नाही.

पार्लरमध्ये आम्ही हिला ‘हाफ ओपन’ म्हणतो. माझी आई ‘बटा घालणं’ म्हणायची. रविवारी शिकेकाईनं न्हाणं झालं की ओल्या केसांची वेणी घालायची नाही, आतून वाळत नाहीत आणि वास धरतात. मग कानांवरच्या दोन बटा मागे नेऊन त्यांची बोटभर जाडीची वेणी घालायची, बाकीचे केस पाठीवर वाळत राहायचे. संध्याकाळी दिवा लावायच्या आत सगळ्याची मिळून एक वेणी. आईच्या लेखी ती केस वाळेपर्यंतची सोय होती. आज तीच सोय मुहूर्ताला बसते आहे.

त्याहून जुनं बघायचं तर अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात जावं. तिथं हातात आरसा घेऊन शृंगार करणारी स्त्री रंगवली आहे, बाजूला दासी आहेत. पाचव्या शतकातलं हे चित्र. अजिंठ्यातल्या स्त्रियांच्या डोक्यांकडे मी धंद्याच्या नजरेनं बघते. केसांत माळा आहेत, फुलं आहेत, दागिने आहेत, आणि पुष्कळ जणींच्या बटा खांद्यावर सोडलेल्या आहेत. मला पडतो तो प्रश्न असा, की तो दागिना तिथं राहिला कशाच्या आधारानं?

कारण आमच्या कामातलं सगळं तिथंच आहे. दुकानात येणारी मुलगी मोबाइलवर फोटो दाखवते. फोटोत मागून काढलेलं डोकं असतं, सैलसर वेणी, मध्ये खड्यांचा मोठा ब्रोच, खाली लाटांसारखे कुरळे केस. तिला वाटतं, ब्रोचनं केस धरलेत. तसं नसतं. दागिन्यानं केस धरायचे नसतात, केसांनी दागिना धरायचा असतो, आणि त्यासाठी आत एक पाया लागतो जो फोटोत कधीच दिसत नाही. अंबाड्याला किंवा खोप्याला ही अडचण नाही. तिथं डोक्यावरचा झाडून सगळा केस एकत्र येतो, त्याचाच गड्डा होतो, त्यात काहीही खोचा. अर्धे केस मोकळे सोडले की हाताशी उरतो जेमतेम एक तृतीयांश केस, आणि तेवढ्यावर मुंडावळ्या, गजरा आणि दागिना असा सगळा संसार उभा करायचा असतो.

पाया घालायची माझी रीत सांगते. टाळूच्या मागे, जिथं डोकं उतरायला लागतं, तिथं पेल्याच्या तोंडाएवढे केस आधी वेगळे घ्यायचे. त्यांची बारीक तिपेडी वेणी घालून ती चकलीसारखी गोल बसवायची. त्यात दोन दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या घालायच्या. साध्या काळ्या पिनेची एक बाजू सरळ असते आणि एक नागमोडी. नागमोडी बाजू डोक्याच्या कातडीकडे हवी, तिच्यामुळे केस धरून ठेवला जातो. शिकायला येणाऱ्या दहांतल्या नऊ मुली ती उलटी घालतात, कारण नागमोडी बाजू त्यांना सुंदर वाटते. या चकलीवरून मग दोन्ही बाजूंच्या वेण्या आणायच्या. सागरवेणी घ्या, खजूरवेणी घ्या, किंवा नुसता दोन बटांचा पीळ घ्या. पीळ घालताना दोन्ही बटा आधी एका दिशेनं पिळायच्या आणि मग एकमेकींभोवती उलट्या दिशेनं गुंडाळायच्या, म्हणजे दोरखंडासारख्या त्या एकमेकींना सोडत नाहीत. वेणी बांधून झाल्यावर तिचे पेड कडेकडेनं हलके ओढून फुलवायचे. ते खालून वर करत यायचं. वरून सुरुवात केली की शेवटी टोकाला वेणी मरते.

केस आदल्या दिवशी धुतलेले हवेत. त्याच सकाळी धुतलेला केस रेशमासारखा निसटतो. हळदीच्या दिवशी तेल आणि हळद दोन्ही भांगात बसलेली असतात, त्यामुळे हळद संध्याकाळी असेल तर मी आधीच सांगून ठेवते, रात्री उशीर झाला तरी न्हाऊनच झोपायचं.

माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. धंद्याचं चौथं की पाचवं वर्ष असेल. नवरीच्या मागच्या वेणीवर मी काटेरी पाकळ्यांचा मोठा ब्रोच लावला होता आणि पाया घातला नव्हता, ब्रोचच्याच क्लिपवर भरवसा ठेवला. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, नवऱ्या मुलानं हार घातला. हाराची दोरी ब्रोचच्या पाकळीत अडकली. त्याला कळलं नाही, त्यानं हार सारखा करायला म्हणून ओढला, आणि डाव्या बाजूची अख्खी वेणी सुटून तिच्या कानावर आली. फोटोग्राफर थांबला नाही. त्या मुलीच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती वेणी तशीच आहे. मी पैसे घेतले नाहीत, पण ते फोटो काही बदलत नाहीत. तेव्हापासून हार गळ्यात पडताना त्याची वाट कुठून जाईल, हे मी आधी बघते. दागिना त्या वाटेच्या वर बसवते आणि त्याची टोकं खाली वळलेली ठेवते.

मुंडावळ्यांचंही असंच. अंबाडा असला की मुंडावळ्यांची दोरी त्याच्याखाली बांधली जाते, वर सरकायला जागा नसते. मोकळ्या केसांवरून ती घसरते, आणि भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना करवली मागून गाठ धरून उभी राहते. मी दोरी पायाची चकली आणि वरची वेणी यांच्या मधून नेते. बाहेरून दिसत नाही आणि सप्तपदी होईपर्यंत जागची हलत नाही.

जुन्या सोनारांनी हे सगळं जाणलं होतं, असं मला गेल्या वैशाखात कळलं. मिरजेच्या एका मुलीनं लॉकरमधून काढलेली डबी माझ्यासमोर उघडली. आत कापसावर सोन्याचा नाग होता. पणजीचा, तीन तोळ्यांचा, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. फणा वर, अंगाला दोन वळसे, शेपूट खाली निमुळती. मी आधी तो पालथा केला. पाठीला दोन कड्या होत्या, एक फण्यामागे आणि एक शेपटीपाशी, शेपटीची तुटलेली. क्लिप नाही, काटा नाही, नुसत्या कड्या. म्हणजे हा केसांना चिमटा काढत नव्हता. वेणी घालतानाच दोऱ्यानं किंवा आकड्यानं पेडांत बांधला जात होता. आणि त्याची पाठ सपाट नव्हती, किंचित खोलगट होती, वेणीच्या फुगीरपणावर बसावी अशी. पणजीच्या काळी वेणीत गंगावन घालून ती मनगटाएवढी जाड करत. त्या वेणीच्या मापानं सोनारानं नाग वाकवला होता.

मुलीला केस अर्धे मोकळे हवे होते आणि नागही हवा होता. आई म्हणाली, “काकू, नाहीतर खाली क्लिप डकवून घेऊ का?” मी नको म्हटलं. तुटलेली कडी कोल्हापूरच्या गुजरीत एका सोनाराकडून जोडून आणायला सांगितली आणि त्या मुलीवर दोनदा सराव केला. पहिल्या वेळी नाग डावीकडे कलला. कारण तिची वेणी पणजीच्या वेणीच्या निम्मीही नव्हती आणि खोलगट पाठीखाली पोकळी राहत होती. दुसऱ्या वेळी मी मधल्या केसांची चौपेडी वेणी घातली. ती तिपेडीपेक्षा रुंद आणि वर गोलसर येते. तिच्या आत केसांच्याच रंगाची लोकरीची वळी घातली. फण्याची कडी पायाच्या चकलीला काळ्या दोऱ्यानं शिवली, हो, सुईदोऱ्यानं शिवली, आणि शेपटीच्या कडीतून आकडा घालून तो चौपेडीच्या मधल्या पेडात रुतवला. मग तिला मान हलवायला सांगितली, वाकून नमस्कार करायला सांगितलं. नाग हलला नाही. मुलगी म्हणाली, “वजनच लागत नाही की.” पाया नीट असला की वजन सगळ्या टाळूवर पसरतं. नसला की तेच ३५ ग्रॅम चार केसांना लोंबकळतात.

हे लोंबकळणं मी हलक्यात घेत नाही. शाळेत आमच्या दोन वेण्या लाल रिबिनीनं कानाशी वर बांधलेल्या लागत, आणि बाईंना त्या इतक्या घट्ट हव्या असत की डोळे ताणले जायचे. माझ्या कानशिलावरचे केस तेव्हा विरळ झाले ते भरून आलेच नाहीत. सतत ओढल्यानं केसाचं मूळ दुखावतं आणि शेवटी त्यातून केस येणं थांबतं, हे डॉक्टरांकडून कळेपर्यंत माझी चाळिशी आली होती. म्हणून छोट्या करवल्या आणि स्नेहसंमेलनाला नाचणाऱ्या मुली यांच्या आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या किंवा तिनं “दुखतंय” म्हटलं, तर वेणी सोडा आणि पुन्हा घाला. केसांची सुरुवात होते तिथल्या बारीक बटा वेणीत ओढून घ्यायची गरज नसते, त्या चेहऱ्याभोवती तशाच छान दिसतात.

आता गजरा. बालगंधर्वांनी रंगभूमीवर गजरा माळला आणि घरोघरच्या बायकांनी तो तसा माळायला घेतला, एवढं त्या फुलांचं वजन आपल्या मनावर आहे. मोगरा असो, अबोली असो, वेंगुर्ल्याकडून आलेली सुरंगी असो, केळीच्या सोपात ओवलेला गजरा पाणी मारून, ओल्या फडक्यात गुंडाळून येतो. तो तसाच माळला की खालचे कुरळे केस अर्ध्या तासात सरळ होतात. लोक मशीनला दोष देतात. यात मशीनची चूक नसते. केसाचा आकार ज्या नाजूक बंधांवर टिकतो ते उष्णतेनं सुटतात आणि गार होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. पाणी लागलं की तेच बंध परत सुटतात. म्हणून कुरळी केलेली बट मी हातात गोळा करून पिनेनं लावून ठेवते, पूर्ण गार झाल्याशिवाय सोडत नाही. आणि गजरा कोरड्या सुती पंचात दाबून टिपून घेते. टिपताना पंचाला मोगऱ्याचा जो वास लागतो, तो माझ्या पिशवीला वर्षभर येतो. गजरा मोकळ्या केसांवर सोडायचा नाही, वेणीच्या वरच्या कडेनं कमानीसारखा लावायचा. पाणी ठिबकलंच तर पायात जिरेल.

खड्यांच्या तयार दागिन्यांना मी नाकं मुरडत नाही. तुळशीबागेतून मी स्वतः पिशव्या भरभरून आणते, आणि साखरपुड्याला, बारशाला ते शोभतात. फक्त घेताना तो पालथा करून बघा. मागे क्लिप असेल तर तिचे दात बोटावरून फिरवा, खरखरीत असतील तर केस तोडतील. आणि घरात दागिन्यांची जुनी डबी असेल, मूद, राखडी, केवडा असं काही असेल, तर ते मोडीत काढायच्या आधी एकदा वेणीत बसवून बघा.

माझ्या हिशेबाच्या वहीत प्रत्येक नवरीपुढे पैशाशिवाय आणखी एक आकडा असतो, डोक्यात घातलेल्या पिनांचा. रात्री त्या तेवढ्याच निघाल्या पाहिजेत, नाहीतर झोपेत टोचतात. मिरजेच्या मुलीपुढे ३८ लिहिले आहेत. रात्री साडेअकराला तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला.

“काकू, सदतीसच निघाल्या. आणि तांदूळच तांदूळ निघतायत केसांतून.”

फुलवलेल्या पेडांत अक्षता अडकतात, त्या मी तिला विंचरून काढू दिल्या नाहीत. मोकळ्या केसांना गाठी बसतात. म्हटलं, आधी बोटांनी काढ, खालून वर. नाग काढलास का?

“दोरा कापला. डबीत ठेवला.”

मग चकली सोड. शेवटची पीन तिच्या आत, डाव्या अंगाला, टोक खाली.

फोनवर थोडा वेळ नुसता बांगड्यांचा आवाज येत राहिला.

“मिळाली,” ती म्हणाली.