घडीचा घाट

पन्नाशी उलटलेला माणूस टेबलावर छोटी रेल्वे मांडून बसला की घरी येणारा पाहुणा एक वाक्य हमखास टाकतो, "वा! पुन्हा लहान झालात की!" मी वाद घालत नाही, चहा पुढे करतो. पण खरं सांगायचं तर लहानपणी या गाडीशी मी जे करायचो, त्यातलं आता जवळजवळ काहीच करत नाही. तेव्हा मला ती पळवायची होती. कंट्रोलरचं बटण शेवटपर्यंत पिळायचं, इंजिन वळणावर उलटून गादीवर पडलं की टाळ्या. आता मला ती थांबवायची असते, तीसुद्धा नेमक्या जागी, वाघिणीची कडी वाघिणीला अलगद लागेल इतक्या बेताने.

गाडी आणली होती मामाने. तो बोटीवर होता. इंग्लंडहून येताना लाल खोका घेऊन आला. आत काळं टँक इंजिन, तीन वाघिणी, गार्डाचा डबा, लंबगोल होईल एवढे रूळ आणि 12 व्होल्टचा कंट्रोलर. त्याचा प्लग तिकडचा, चौकोनी पिनांचा. तो कापून आपल्याकडचा गोल पिनांचा बसवेपर्यंत माझा जीव टांगणीला. त्या काळी इथल्या दुकानात असलं काही मिळायचं नाही, त्यामुळे जे खोक्यात आलं तेवढीच आमची रेल्वे. पुढे दहावी-बारावी, मग नोकरी. वर्षानुवर्षं डोंबिवलीहून लोकलच्या दारात लोंबकळून जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी आल्यावर आणखी एक गाडी बघावीशी वाटत नाही, हेही कुठेतरी नोंदवून ठेवायला हवं.

पुण्याला बिऱ्हाड हलवलं, माळे रिकामे झाले आणि खोका खाली आला. इंजिन हातात घेतलं तर चाकं हलेनात. इतक्या वर्षांत आतलं ग्रीस आटून मेणासारखं घट्ट आणि तपकिरी झालं होतं. रूळ गंजलेले. ते सरळ टाकून दिले आणि नवे निकेल सिल्व्हरचे घेतले. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त. पण त्यावर गंज चढत नाही आणि वीज नीट वाहते. अर्थात काळी पुटं त्यावरही धरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस रुळावरून फिरवला की काजळाची रेघ उठते. या छंदात वेळ कुठे जातो असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर एवढंच: रूळ पुसण्यात. पुसलेल्या रुळावर इंजिन गोगलगाईच्या चालीने, अजिबात न अडखळता सरकतं, आणि न पुसलेल्यावर दर वितीला आचके देतं. खऱ्या रेल्वेतही गाडी चालवणारे थोडे आणि वाट राखणारे फार, गँगमन, चावीवाले. तिकिटाच्या खिडकीतून ते दिसत नाहीत, एवढंच.

इंजिनाची दुरुस्ती हे वेगळं प्रकरण. मोटरमधला कार्बन ब्रश म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा काळा तुकडा, आणि त्याला मागून दाबणारी स्प्रिंग त्याहून बारीक. ती सुटली की जाते कुठे, हे तिचं तिलाच माहीत. मी आता पांढरी चादर अंथरून, चष्म्यावर घड्याळजीची भिंगं चढवूनच इंजिन उघडतो. जुनं ग्रीस काढलं, आसांना शिवणयंत्राचं तेल सुईच्या टोकाने थेंबभर दिलं, ब्रश बदलले. रुळावर ठेवून बटण फिरवलं तर आधी जळक्या धुळीचा वास आला, मग कुरकूर, आणि मग ते निघालं.

दरम्यान दुनिया पुढे गेली होती. माझ्या लहानपणी रुळांत सोडलेली वीज म्हणजेच गाडीचा वेग. त्यामुळे एका रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम धावायची. एकाला थांबवायचं तर रुळाचा तेवढा तुकडा विजेपासून तोडावा लागे. आता रुळात वीज सतत असते आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम जातो. इंजिनाच्या पोटात नखाएवढा डीकोडर असतो, तो आपल्या नावाचा हुकूम तेवढा ओळखतो. नवा डीकोडर कुठल्याही कंपनीचा घ्या, त्याचा पत्ता 3 असतो. मग आपण तो बदलायचा. ही डीसीसी पद्धत जर्मनीत बेर्न्ड लेन्झने घडवली आणि 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या संघटनेने तिचं प्रमाण ठरवून दिलं, म्हणून एकाचा कंट्रोलर दुसऱ्याच्या इंजिनाला चालतो. मामाच्या इंजिनात डीकोडर बसवताना मात्र घाम फुटला. जुन्या मोटरचा एक ब्रश थेट सांगाड्यालाच जोडलेला असतो. तो आधी तोडून वेगळा करायचा, नाहीतर वीज देताक्षणी डीकोडरची राख.

गंमत अशी की मी या छंदापासून दूर होतो त्याच काळात आमच्या खऱ्या बोरघाटानेही वीज बदलली. मुंबईत 1925 साली व्हीटी-कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, आणि काही वर्षांत तीच वीज घाट चढून पुण्याला आली. 1930 साली डेक्कन क्वीन सुरू झाली ती याच विजेवर. या शतकात ते सगळं 25,000 व्होल्ट एसी झालं. म्हणजे लहानपणी कर्जतला वडापाव खाताना गाडीला घाटात मागून रेटणारं बँकर इंजिन लागायची वाट मी पाहायचो तेव्हा डोक्यावरच्या तारेत आणि घरच्या खेळण्यात एकाच जातीची वीज होती. हे कळलं तेव्हा खुर्चीत सरळ बसलो.

मग अर्थातच घाट करायचा ठरलं. आकडेमोड केली आणि हबकलो. माझं इंजिन ब्रिटिश डबल-ओ मापाचं, म्हणजे मूळच्या 76 पटीने लहान. कर्जत ते लोणावळा सुमारे 28 किलोमीटर. या मापात साडेतीनशे मीटरच्या वर. सतरा डब्यांची गाडी करायची तर ती पाच मीटर, आणि माझी खोली लांबीला बारा फूट. खोक्यातल्या रुळांचं वळण खऱ्या मापात नेलं तर तेहतीस-चौतीस मीटर त्रिज्येचं होतं. अशा वळणावर एस.टी.सुद्धा जपून वळवावी लागेल.

त्यात रुळाची रुंदी. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. 76 ने भागलं की 22 मिलिमीटर यायला हवेत, आणि हातात असतात 16.5. आपल्या गाड्या या मापात केल्या की अंगाने भरलेल्या आणि पायाने बारीक दिसतात. यात दोष नुसता आपल्या रुंद रुळांचा नाही, साहेबाच्या स्वतःच्या गाड्याही या रुळावर खोट्याच आहेत. युरोपात 87 पटीचं माप ठरलं, त्याला 16.5 अगदी बरोबर बसतं. पण ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने लहान. त्या मापात त्यांच्या बॉयलरमध्ये तेव्हाच्या मोटरी मावेनात. मग त्यांनी इंजिन वाढवलं आणि रूळ तेवढेच ठेवले. तडजोड म्हणून केलेली ही गोष्ट शंभर वर्षं होत आली तरी चालू आहे, आणि तिच्यावरून भांडणारेही तेवढीच वर्षं भांडताहेत. मला त्या भांडणात रस नाही. टेबलापासून चार फुटांवर उभं राहिलं की दिसत नाही.

कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे एक अख्खं शहर दिवे लावून नांदतं आणि गाड्या एकमेकींना वाट देत फिरतात. पाहून थक्क व्हायला होतं. तिथून बाहेर पडताना मला मात्र एक उमजलं, की आपल्याला एवढं सगळं नको आहे. आपल्याला घाटातली एकच जागा हवी, जिथे गाडीला थांबावंच लागतं.

अशी जागा होती. 1863 साली बोरघाटातली लाइन सुरू झाली तेव्हा खंडाळ्याच्या खाली नागफणीसमोर डोंगराची धार संपत आली आणि गाडी वळवायला जागाच उरली नाही. म्हणून गाडी सपाटीवर जाऊन उभी राहायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. हे रिव्हर्सिंग स्टेशन. 1929 साली नव्या बोगद्यांची वाट झाली आणि ते बंद पडलं. घाटाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, दोन इंजिनिअर हाताशी धरून ठेका पुरा केला. तिचं नाव निदान पुस्तकात तरी आहे. सुरुंगाखाली आणि तापाने गेलेल्या मजुरांचं तेवढंही नाही.

ज्या अडचणीने इंजिनिअरांनी घाटाला घडी घातली तीच अडचण माझ्या खोलीत आहे: वळायला जागा नाही. डोंगर थर्माकोलचा केला, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि प्लास्टर. विकत मिळणारं परदेशी गवत सह्याद्रीला शोभत नाही, फार हिरवं आणि फार नीटनेटकं. मी महिना धरला मे. माती म्हणून चहाचा वाळवलेला चोथा, खडी म्हणून बांधकामावरची चाळलेली काळी कच. चढ मात्र खऱ्याइतकाच ठेवला, 37 ला 1. म्हणजे मीटरभर चालीत पावणेतीन सेंटिमीटर उंची. मामाचं इंजिन त्यावर चार वाघिणी ओढतं, पाचवी लावली की चाकं जागच्या जागी फिरतात. विजेची तार नाही; जागा बंद पडली वाफेच्या दिवसांत.

डोंगराखाली सपाटीवर जी जागा उरली तिथे शंटिंगसाठी तीन सायडिंगा टाकल्या. ही कल्पना अ‍ॅलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाची: एका सायडिंगीत पाच वाघिणी मावाव्यात, उरलेल्या दोघींत तीन-तीन, आणि एकूण वाघिणी आठ. आठांतल्या पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम 6720 होतात. दोन सांधे, एक इंजिन, पाच फूट फळी. इतकंच, पण जेवण गार होतं.

चिठ्ठ्या काढायचं काम घरात बायकोकडे आहे. भिशीचा डबाच वापरतो. सुरुवातीला ती टी.व्ही. बघता बघता काढून द्यायची. आता चिठ्ठी उघडून वाचते आणि इंजिनाच्या मागे तेलाची टाकी निघाली की बोलते, "अहो, इंजिनातून ठिणग्या उडतात ना? मग तेल तिथे कोण लावेल? ते मागे घ्या." मी म्हणतो, नियम म्हणजे नियम, चिठ्ठीत आलं ते आलं. ती म्हणते, नियम करणाऱ्याने इंजिनाकडे बघितलं नसेल. मग ती चिठ्ठी डब्यात परत जाते, दुसरी निघते, आणि मी सांधा बदलून पुन्हा मागे जातो.