एकाच परातीभोवती

सेनेगलमधल्या काओलाकजवळच्या या खेड्यात सकाळ विचारपुशीनं सुरू होते. शाळेच्या वाटेवर जो भेटेल तो विचारतो, रात्र शांततेत गेली ना? इथल्या वोलोफ भाषेतलं उत्तर ठरलेलं: 'जाम रेक', फक्त शांतता. मग घरचे, कामधाम. सुरुवातीला आम्हाला पुढं जायची घाई असे. ती चूक होती. ही चौकशी हेच इथलं दिवसाचं पहिलं काम.

दुपारी सगळे एकाच परातीभोवती बसतो. आपल्यासमोरचंच खायचं; घरधनीण चांगले तुकडे मोडून आमच्याकडे सरकवत राहते. आज माफे होतं, शेंगदाण्याचं दाट कालवण. पहिल्याच घासाला बायकोला आईची दाण्याची आमटी आठवली, डोळे भरून आले.

संध्याकाळी अताया: त्याच पत्तीचा तीनदा उकळलेला चहा, पहिला कडू, तिसरा गोड. आज आम्ही तिसऱ्या पेल्यापर्यंत बसलो.